अर्धी शक्यता : माराकाइबो सरोवराकाठची वीस वर्षे

माणसाकडे बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यांपैकी एकाच प्रतीतला बदल शरीरात दिसण्यास पुरेसा असेल, तर त्या गुणाला प्रभावी गुण म्हणतात. दोन्ही प्रती बदललेल्या असल्याशिवाय जो दिसत नाही, तो अप्रभावी. आई किंवा वडील आपल्या दोन प्रतींपैकी एकच प्रत अपत्याला देतात आणि ती कोणती, हे नाणेफेकीसारखे ठरते. म्हणून प्रभावी बदलाची एक प्रत असलेल्या पालकाच्या प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते. शाळेच्या वहीत हा नियम चार चौकटींत मावतो. खऱ्या घरादारांत तो कसा चालतो, हे सर्वांत स्पष्टपणे दिसले ते हंटिंग्टनच्या आजारात, आणि त्यातही व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांमध्ये. तेथे १९७९ ते २००२ या काळात नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम हा या नियमाचा फार मोठा ताळा होय.

‘प्रभावी’ हा शब्द ग्रेगर मेंडेल यांच्या वाटाण्यांपासून चालत आला. ब्रनोच्या मठाच्या बागेत १८५६ पासून सुमारे आठ वर्षे त्यांनी वाटाण्याच्या सात गुणांचे संकर केले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्या पिढीच्या रोपांना पुढे दाणे धरले तेव्हा ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुती नाहीशी झाली नव्हती, एक पिढी झाकली गेली होती. झाकणाऱ्या गुणाला मेंडेल यांनी प्रभावी म्हटले. या नावात बळाचा, श्रेष्ठतेचा किंवा संख्येने जास्त असण्याचा काहीही अर्थ नाही. दोन प्रती समोरासमोर आल्या तर कोणती दिसते, एवढेच ते सांगते.

मेंडेल यांचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि १९०० पर्यंत त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. मधल्या काळात, १८७२ मध्ये, अमेरिकेतल्या जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या डॉक्टरने अंगविक्षेपाच्या आजारावर एक छोटा लेख लिहिला. त्यांचे वडील आणि आजोबा दोघेही लाँग आयलंडवर ईस्ट हॅम्प्टन येथे डॉक्टर होते, त्यामुळे तीन पिढ्यांच्या नोंदी त्यांच्या हाताशी होत्या. काही ठरावीक कुटुंबांत मध्यम वयात हातपाय आपोआप हलू लागतात, मन बिघडत जाते आणि माणूस खंगत खंगत जातो, असे त्यांनी लिहिले. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर मुलांपैकी काहींना तो हमखास होतो, पण एखादे अपत्य आयुष्यभर त्यातून सुटले तर त्याच्या पुढच्या पिढ्यांना त्याचे भय नसते. धागा तुटला की तुटलाच, हे निरीक्षण म्हणजे जनुक हा शब्द जन्मण्याआधी झालेले प्रभावी वारशाचे अचूक वर्णन होते. मराठीत ज्याला कंपवात म्हणतात तो पार्किन्सनचा आजार वेगळा. त्यात हात थरथरतो आणि शरीर ताठरते. हंटिंग्टनमध्ये शरीर सतत वळत, झुकत, उसळत राहते आणि त्यावर माणसाचा ताबा नसतो.

वेक्सलर यांच्या कुटुंबात हा आजार आईच्या बाजूने होता. आई लिओनोर यांचे वडील आणि तिन्ही भाऊ त्याने गेले होते. लिओनोर स्वतः आनुवंशिकी शिकलेल्या होत्या. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर एका पोलिसाने, इतक्या सकाळी प्यायला लाज वाटत नाही का, अशा शब्दांत त्यांना हटकले. त्या प्यायलेल्या नव्हत्या, त्यांची चाल बदलली होती. डॉक्टरी निदान झाल्यावर वडील मिल्टन वेक्सलर यांनी अ‍ॅलिस आणि नॅन्सी या विशीतल्या मुलींना सारे सांगितले. दोघींनी मूल होऊ न देण्याचे तेव्हाच ठरवले.

अर्ध्या शक्यतेचा अर्थ अशा वेळी हमखास चुकीचा लावला जातो. दोन मुली म्हणजे एकीला होणार आणि एक वाचणार, असे मनात येते. हिशेब तसा नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी नाणे नव्याने उडते आणि आधी काय पडले हे त्याला ठाऊक नसते. दोन अपत्यांत दोघांनाही आजार मिळण्याची शक्यता एक चतुर्थांश, दोघेही सुटण्याची एक चतुर्थांश आणि एकालाच मिळण्याची निम्मी. कुठे चार भावंडांपैकी चौघेही आजारी निघतात, कुठे चौघेही सुटतात. लिओनोर आणि त्यांचे भाऊ अशा चारांपैकी चौघांनाही तो मिळाला होता. निम्म्याचे प्रमाण एका घरात दिसत नाही. शेकडो घरांची बेरीज केली तरच ते उमटते. त्यासाठी फार मोठी वंशावळ लागते, आणि ती माराकाइबोच्या काठी होती.

अमेरिको नेग्रेते हे व्हेनेझुएलाचे डॉक्टर १९५० च्या दशकात माराकाइबो शहराजवळच्या सान लुईस वस्तीत काम करत होते. रस्त्यातून झोकांड्या खात जाणारी माणसे पाहून ती दारू प्यायली असावीत असे त्यांना आधी वाटले. शेजाऱ्यांनी सांगितले, हा ‘एल माल’ आहे, म्हणजे नुसता ‘आजार’. तेथे त्याला दुसरे नाव लागतच नव्हते. नेग्रेते यांनी घरोघरी जाऊन नोंदी केल्या आणि १९६३ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्यांचे शिष्य रामोन आविला हिरोन यांनी १९७२ मध्ये, हंटिंग्टन यांच्या लेखाच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या अमेरिकेतील परिषदेत त्या वस्त्यांचा चित्रपट दाखवला. एकाच गल्लीत इतके रुग्ण उपस्थितांपैकी कोणी पाहिले नव्हते.

वेक्सलर मूळच्या मानसशास्त्राच्या. १९७९ मध्ये त्या पहिल्यांदा तेथे गेल्या तेव्हा शोध होता तो आई आणि वडील दोघांकडूनही बदललेली प्रत मिळालेल्या माणसाचा. आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या आजारात दोन्ही प्रती बदललेल्या मुलांचा अभ्यास करूनच त्या रोगाचे मूळ हाती लागले होते. हंटिंग्टन हा विरळ आजार. दोन आजारी माणसांनी एकमेकांशी लग्न केल्याचे उदाहरण इतरत्र क्वचितच सापडले असते. सरोवराकाठी जवळजवळ सगळे रुग्ण एकाच कुळातले होते आणि त्या कुळात आपसांत लग्ने होत होती. १९८१ पासून दरवर्षी वसंतात काही आठवडे डॉक्टर, परिचारिका आणि आनुवंशिकीतज्ज्ञ यांची तुकडी तेथे जाऊ लागली.

कामाचे तीन भाग होते. पहिला वंशावळीचा. सान लुईस ही शहराच्या कडेची वस्ती, बारांकितास हे मच्छीमारांचे गाव आणि लागुनेतास ही पाण्यात रोवलेल्या खांबांवरची घरे. अशा ठिकाणी कोण कोणाचे, हे दारोदार विचारून लिहायचे होते. वंशावळीच्या तक्त्यावर स्त्री म्हणजे गोल आणि पुरुष म्हणजे चौकोन. आजारी असेल तर आकृती काळी भरायची, मृत असेल तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची. एकाच नावाची अनेक माणसे, वेगवेगळ्या जोडीदारांपासून झालेली मुले, वाडवडिलांबद्दलच्या ऐकीव गोष्टी, या सगळ्यांतून रेघा जुळवाव्या लागत. तक्ता वाढत वाढत दहा पिढ्यांचा आणि १८ हजारांहून अधिक माणसांचा झाला. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात वेक्सलर यांच्या कामाच्या जागेबाहेरची भिंत त्याने व्यापली. वरच्या टोकाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची मारिया कोन्सेप्सियोन नावाची स्त्री होती.

असा तक्ता वाचता आला की वारशाचा प्रकार ओळखता येतो. काळ्या आकृत्या प्रत्येक पिढीत आहेत आणि प्रत्येक काळ्या आकृतीच्या वर एक काळी आकृती आहे. गोल आणि चौकोन साधारण सारख्या प्रमाणात काळे आहेत. काळ्या चौकोनाखाली काळे चौकोनही आहेत, म्हणजे बापाकडून मुलाकडे आजार जातो. एक्स गुणसूत्रावरचा बदल असता तर हे घडले नसते, कारण मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र मिळते. पांढऱ्याच राहिलेल्या फांदीखाली मात्र पुढे सगळे पांढरे. अप्रभावी आजाराचा तक्ता याच्या उलट दिसतो. तेथे आईवडील दोघेही पांढरे असतात आणि त्यांच्या मुलांत अचानक काळे ठिपके उमटतात.

दुसरा भाग तपासणीचा. आजाराची चाहूल ओळखण्यासाठी डॉक्टरांना यंत्र लागत नसे. डोके न हलवता नुसत्या डोळ्यांनी बोटाचा पाठलाग करायला सांगायचे, अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावायची, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगायचे. सुरुवातीच्या रुग्णाच्या डोळ्यांना एका बिंदूवरून दुसऱ्यावर जाताना अडखळायला होते. जीभ बाहेर काढून दहा सेकंद धरायला सांगितले की ती आपोआप आत ओढली जाते. दरवर्षी तीच माणसे, तीच तपासणी. त्यामुळे एखाद्याच्या अंगात आजार नेमका कधी उतरला, हे वर्षाच्या अंतराने नोंदता आले.

तिसरा भाग रक्ताचा, आणि तोच अवघड होता. परदेशी माणसे येऊन रक्त नेतात याबद्दल लोकांच्या मनात शंका होती. अमेरिकेतली माणसे आपले रक्त देतात का, हा त्यांचा प्रश्न होता. अशाच एका बैठकीत फिदेला गोमेझ या परिचारिकेने वेक्सलर यांचा दंड धरून त्यावरचा बारीक व्रण सगळ्यांना फिरवून दाखवला. कातडीचा तुकडा तपासणीसाठी काढल्याची ती खूण होती. हिच्याही घरात हाच आजार आहे, हिची आई त्यानेच गेली, हिनेही दिले आहे, असे गोमेझ सांगत होत्या. लिओनोर १९७८ मध्ये गेल्या होत्या. अमेरिकेतही ‘एल माल’ असतो, हे तेथल्या अनेकांना तेव्हा पहिल्यांदाच कळले. लोक रक्त द्यायला पुढे आले.

रक्ताचे नमुने विमानाने बोस्टनला जेम्स गुसेला यांच्या प्रयोगशाळेत जात. जनुक कोठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. २३ जोड्यांपैकी कोणत्या गुणसूत्रावर शोधायचे, तेही नाही. कल्पना अशी होती की डीएनएमध्ये माणसागणिक बदलणाऱ्या काही जागा खुणेसारख्या वापरायच्या. एखादी खूण आजारी माणसांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत येत असेल आणि निरोगी भावंडांत दिसत नसेल, तर जनुक तिच्या आसपास असले पाहिजे. गुणसूत्रावर शेजारी असलेल्या गोष्टी सहसा बरोबरच पुढे जातात. अशा शोधाला कित्येक दशके लागतील असे अनेकांना वाटत होते. गुसेला यांना पहिल्या डझनभर खुणांतच यश आले. इंडियानातील मायकेल कॉनीली यांनी संगणकावर वंशावळीचा हिशेब मांडला आणि १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘नेचर’ नियतकालिकात जाहीर झाले की हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. नेमके घर सापडले नव्हते, पण गल्ली सापडली होती. घर सापडायला आणखी दहा वर्षे लागली. मार्च १९९३ मध्ये सहा संशोधनगटांच्या ५८ शास्त्रज्ञांनी मिळून ते जनुक प्रसिद्ध केले.

बदल निघाला तो साधा. जनुकाच्या सुरुवातीला सी-ए-जी ही तीन अक्षरे पुन्हापुन्हा येतात. बहुतेकांत ही आवृत्ती २६ किंवा त्याहून कमी वेळा असते. ४० किंवा त्याहून जास्त झाली की पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. ३६ ते ३९ मध्ये काहींना होतो, काही सुटतात. २७ ते ३५ असलेल्याला स्वतःला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत जाताना संख्या वाढू शकते. वाढण्याचा हा कल वडिलांकडून येताना जास्त दिसतो. शुक्रपेशी तयार होताना आवृत्ती लांबते आणि ६० च्या पुढे गेली तर आजार लहानपणीच सुरू होतो. आवृत्ती जितकी लांब, तितका आजार लवकर, असा साधारण संबंध आहे. तरीही सारखीच आवृत्ती असलेल्या माणसांत कित्येक वर्षांचा फरक पडतो, हेही माराकाइबोच्या नोंदींतूनच दिसले. त्यात इतर जनुकांचा आणि परिस्थितीचा वाटा आहे.

एक चांगली प्रत हाताशी असताना एकच बिघडलेली प्रत पुरेशी का ठरते, हा प्रभावी गुणांचा गाभ्याचा प्रश्न आहे आणि त्याला एकच उत्तर नाही. हंटिंग्टनमध्ये लांबलेल्या आवृत्तीमुळे तयार होणारे प्रथिन मेंदूच्या पेशींना घातक ठरते. चांगले प्रथिन शेजारी असून उपयोग होत नाही, जसे विहिरीतले निम्मे पाणी स्वच्छ असून भागत नाही. आनुवंशिक कोलेस्टेरॉलमध्ये कारण वेगळे आहे. तेथे बिघडलेली प्रत काम करत नाही, चांगली प्रत निम्मेच काम उरकते आणि निम्मे पुरत नाही. ठिसूळ हाडांच्या काही प्रकारांत तिसरी गोष्ट घडते. कोलॅजनचे तीन धागे एकत्र वळले जातात आणि त्यांतला एक वाकडा असला की सगळा पीळ बिघडतो. अप्रभावी आजारही पुष्कळ आहेत, कारण बऱ्याच जनुकांच्या बाबतीत निम्मे काम शरीराला पुरते.

ज्या शोधासाठी वेक्सलर मुळात गेल्या होत्या, त्याचे उत्तर १९८७ मध्ये आले. दोन्ही पालक आजारी असलेल्या कुटुंबांत प्रत्येक मुलाला किमान एक बदललेली प्रत मिळण्याची शक्यता तीन चतुर्थांश आणि दोन्ही मिळण्याची एक चतुर्थांश असते. दोन्ही मिळालेली माणसे सापडली. त्यांचा आजार लवकर सुरू झालेला नव्हता आणि एकच प्रत मिळालेल्यांपेक्षा ती वेगळी दिसत नव्हती. माणसातला अशा पूर्ण प्रभावी आजाराचा हा पहिला स्पष्ट दाखला होता. बहुतेक ‘प्रभावी’ आजार इतके पूर्ण प्रभावी नसतात. कोलेस्टेरॉलच्या आजारात दोन्ही प्रती बदललेल्या मुलांना बालपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. बुटकेपणाच्या एका प्रकारात, ज्याला अ‍ॅकॉन्ड्रोप्लेझिया म्हणतात, दोन प्रती मिळालेले बाळ सहसा जगत नाही.

काही प्रभावी गुणांत तक्ता हंटिंग्टनइतका स्वच्छ निघत नाही. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेझियाची सुमारे ८० टक्के मुले सामान्य उंचीच्या आईवडिलांच्या पोटी येतात. त्यांच्यात बदल नव्याने, बहुधा वडिलांच्या शुक्रपेशीत घडलेला असतो. डोळ्याच्या पडद्याच्या आनुवंशिक कर्करोगात बदल मिळालेल्यांपैकी काहींना आजार होतच नाही, पण ते तो पुढे देऊ शकतात. तेव्हा वंशावळीत एक पिढी गाळल्यासारखी दिसते. हंटिंग्टनमध्ये ही गाळलेली पिढी बहुधा आजार सुरू होण्याआधीच गेलेल्या माणसाची असते. आजार साधारण ३० ते ५० या वयात येतो. तोवर मुले झालेली असतात. इतका घातक गुण पिढ्यांमागून पिढ्या टिकून राहतो तो याच कारणाने.

बोलीत ‘नाक आजोबांवर गेले’ किंवा ‘चाल हुबेहूब बापाची’ असे म्हटले जाते, ते बहुतेक वेळा अनेक जनुकांचे मिळून झालेले काम असते. जीभ पन्हाळीसारखी वळवता येणे हा साधा प्रभावी गुण म्हणून १९४० पासून पुस्तकांत आला. पण एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही, असे १९५२ मध्ये दिसले आणि ते उदाहरण निकालात निघाले. रक्तगटाचे उदाहरण मात्र पक्के आहे. ए आणि बी हे दोन्ही ‘ओ’वर प्रभावी असतात आणि एकत्र आले तर दोघेही दिसतात. प्रभावी गुण समाजात वाढत वाढत सगळीकडे पसरेल, ही भीतीही खोटी आहे. १९०८ मध्ये जी. एच. हार्डी या गणितज्ञाने आखूड बोटांचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की बाहेरचे दडपण नसेल तर जनुकाचे प्रमाण पिढीगणिक तेवढेच राहते. हंटिंग्टन जगभर विरळच आहे. सरोवराकाठी तो दाट दिसतो, कारण एका पूर्वजाची संतती तेथेच वाढली.

१९८३ च्या शोधानंतर काही वर्षांत आजार सुरू होण्यापूर्वीच सांगणारी चाचणी आली आणि १९९३ नंतर ती एका रक्तनमुन्यावर होऊ लागली. आजार थांबवणारे औषध अजून सिद्ध झालेले नाही, हालचाली सौम्य करणारी औषधे आहेत. म्हणून चाचणीभोवती नियम आले. सज्ञान व्यक्तीने स्वतः मागितल्याशिवाय ती करायची नाही, आधी समुपदेशन व्हायचे आणि निकाल समोरासमोर सांगायचा. समुपदेशकाला अनेक गोष्टींचा तोल सांभाळावा लागतो. आजोबांना आजार होता, आईने चाचणी केलेली नाही आणि नातवाला करायची आहे, अशा वेळी नातवाचा निकाल बदललेला आला तर आईचाही निकाल तिने न विचारता लागतो. साठीपर्यंत निरोगी राहिलेल्या माणसाची शक्यता आता निम्मी उरलेली नसते, ती बरीच कमी झालेली असते, हेही समजावून सांगावे लागते. धोका असलेल्यांपैकी थोडेच जण चाचणी करून घेतात. चाचणी निघाली की करून घ्यायची, असे वेक्सलर भगिनींनाही पूर्वी वाटे. ती हातात आल्यावर मात्र घरात तिच्याबद्दल अडखळायला झाले. आपला निकाल काय, हे नॅन्सी वेक्सलर यांनी अनेक वर्षे कोणाला सांगितले नाही.

वार्षिक भेटी २००२ मध्ये थांबल्या. सान लुईसमध्ये १९९९ पासून रुग्णांसाठी एक निवारा चालू होता, तोही २०१४ मध्ये बंद पडला. ज्या रक्तातून जनुक सापडले त्या वस्त्यांना त्याचा मोबदला फारसा मिळालेला नाही. २०२० मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, नॅन्सी वेक्सलर यांनी आपल्यालाही हा आजार असल्याचे जाहीर केले. त्यांची चाल आणि हालचाली पाहून जवळच्यांनी ते आधीच ओळखले होते. दोघी बहिणींना मूल नाही, त्यामुळे लिओनोर यांच्यापासून निघालेल्या रेघा तक्त्यावर तेथेच संपतात. सरोवराकाठच्या कुळाच्या रेघा मात्र पुढे चालू आहेत, आणि तेथे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाणे स्वतंत्रपणे उडते.